आधी कणा, मग पानं

जयराम पांचाळ माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते माझी चूक दाखवायला. श्रीवर्धनच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून रुजू होऊन मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बक्षीस समारंभाच्या प्रमाणपत्रांसाठी मी वेलबुट्टीची चौकट काढली होती. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली होती, बाजारात दोघा-तिघांनी थांबवून छान म्हटलं होतं. मी घाटावरचा माणूस, इथल्या दमट हवेत अजून रुळत होतो, तेवढ्या कौतुकावर माझे दिवस बरे चालले होते. अशात एका संध्याकाळी शाळा सुटताना एक काटकुळा माणूस फाटकात उभा दिसला. हातात शेजारच्या मुलीचं प्रमाणपत्र गुंडाळलेलं. चष्म्याच्या एका काचेवर घड्याळजी लावतात तसलं भिंग होतं आणि ते काढायचं विसरून ते तसेच गावातून चालत आले होते. त्यामुळे त्यांचा एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट दिसत होता.

त्यांनी प्रमाणपत्र उलगडलं, उजव्या बाजूच्या नक्षीवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, ही वेल मेलेली हाय."

मी जरा घुश्शातच म्हणालो, म्हणजे काय. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. डावीकडची वेल मी खालून वर नेली होती. उजवीकडे श्रम वाचवायला तीच पुन्हा गिरवली होती, पण उलटी करून, आणि तिचं मूळ मात्र खालीच जोडलं होतं. त्यामुळे तिथे वेल वर चालली होती आणि पानं मात्र खाली, मुळाकडे तोंड करून बसली होती. उगवणाऱ्या वस्तूची पानं परत फिरत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. जाताना त्यांनी माझी समजूतही काढली. रागावू नका म्हणाले, लोकांना काही कळत नाही.

मी चार दिवस रागावलेला होतो. पाचव्या दिवशी त्यांच्या घराचा पत्ता विचारत गेलो.

सुपारीच्या वाड्यांमधून खाली उतरणाऱ्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, टोकाला त्यांचं कौलारू घर होतं. पुढच्या पडवीत त्यांचं दुकान, म्हणजे एक पाट, एक भाता, भिंतीला टांगलेले कोयते आणि एका तसराळ्यात राळेचा गोळा. ही राळ ऊन केली की मऊ होते, तिच्यात वस्तू बसवायची, गार झाली की वस्तू हलत नाही. त्यावर बारीक छिन्नी आणि बोटभर हातोडी घेऊन ते कोरत बसायचे. कोयते, सुऱ्या आणि अडकित्ते करणं हा त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. सुपारीच्या गावात अडकित्ता घरोघरी लागतो, आणि काही वाडीवाल्यांच्या घरात लेकीला सासरी पाठवताना चांगल्यापैकी अडकित्ता किंवा सुरी बरोबर द्यायची पद्धत होती. वडील नुसती वस्तू करत. तिच्यावर वेल कोरायला लागले ते जयरामभाऊ. मूठ आणि पातं यांच्यामध्ये पितळेचा एक तुकडा असतो, फार तर दोन बोटं रुंद. त्यांचं सगळं आयुष्य त्या दोन बोटांत गेलं.

मला त्यांनी शिष्य केलं नाही आणि मीही होऊ दिलं नाही. शनिवारी दुपारी मी जाऊन पडवीच्या कठड्यावर बसायचो, ते कोरायचे, मध्येच काहीतरी बोलायचे. त्यांचं शास्त्र तुकड्यातुकड्यांनी माझ्या कानावर पडत गेलं. वेलीला आधी कणा लागतो, म्हणजे पानं-फुलं सोडून नुसती वळत जाणारी रेघ. ती वळताना सगळीकडे सारखी वळली पाहिजे. कुठे चुकून केसभर सरळ झाली की तिथे वेल मोडल्यासारखी दिसते. त्या मोडीला ते गुडघा म्हणत. फांदी फुटायची ती कण्यातून अलगद सरकत बाहेर यायला हवी, काठी खोचल्यासारखी नाही. आणि जेवढं पान तेवढीच त्याच्या शेजारी मोकळी जागा हवी. पण सगळं खरं कण्यात. कणा चुकला तर पानांनी झाकता येतो असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. "लोक पानं बगतात," ते म्हणायचे. यातल्या लोक या शब्दात मुख्याध्यापकांपासून आमदारापर्यंत सगळे आले, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही.

पडवीच्या खांबाला दाढीचा आरसा टांगलेला असायचा, पण त्यांच्या गालावर दोन-तीन दिवसांचे खुंट कायम. आरसा वेलीसाठी होता. आपण काढलेलं आपल्या डोळ्याला सवयीचं होतं, उलटं बघितलं की चूक लपत नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नाला गेले तर नवरीच्या शालूचा काठ बघायचे आणि जेवणाच्या पंगतीत मला कुजबुजत सांगायचे की तिसऱ्या कोयरीपाशी विणकर दमला होता. लग्नपत्रिका, कॅलेंडर, देवळातली समई, एसटीच्या मागे रंगवलेली फुलं, काही म्हणून सुटायचं नाही. चांगलं दिसलं तर त्यांची जास्तीत जास्त दाद म्हणजे "चालंल". वीस वर्षांत मला ती दोनदा मिळाली, आणि दोन्ही वेळी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

कोरून झालं की ते रेघांमध्ये काजळ भरायचे, वर ओलसर कागद दाबून ठसा घ्यायचे आणि तो एका जाड वहीत चिकटवायचे. मग लाल पेन्सिल घेऊन आपल्याच कामावर गोल करायचे, इथे गुडघा, इथे गर्दी, इथे पान उगीच. ती वही मी कितीदा चाळली असेन. लाल गोल नाही असं एकही पान तिच्यात नव्हतं. एकदा मी म्हटलं, भाऊ, आमच्या शाळेत तुम्ही असतात तर सगळी पोरं नापास. ते हसले नाहीत. म्हणाले की त्यांची स्वतःची परीक्षा अजून चालू आहे.

त्या घरात त्यांच्याहून नजरेची पक्की एक बाई होती. इंदूवहिनी. मुलगा पनवेलला कंपनीत लागल्यापासून घरात दोघंच. हंगामात त्या वाड्यांवर सुपारी सोलायला जायच्या, एरवी चुलीपाशी. छिन्नी त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. पण कधी पदराला हात पुसत माजघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, राळेवरच्या वस्तूकडे तिथूनच बघायच्या आणि म्हणायच्या, डावीकडं दुसरं वळण. बस, एवढंच. भाऊ भिंग डोळ्याला लावून शोधायचे आणि पाच मिनिटांनी त्यांना तिथे गुडघा सापडायचा. तोवर वहिनी आत गेलेल्या असायच्या.

आणि या बाईच्या स्वतःच्या सुरीवर वेल नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भाऊंनी ती सुरी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेली, फणसाच्या लाकडाची मूठ, आणि मधला पितळेचा तुकडा कोरा. तेव्हाच ते बायकोला म्हणाले होते, ज्या वेलीत लाल गोल करावा लागणार नाही, ती तुझ्या सुरीवर. माणसं नव्या नवरीला काय काय कबूल करतात, त्यातलंच एक. पण भाऊंनी ते कधी सोडलं नाही आणि पुरंही केलं नाही. संध्याकाळचं काम आटपलं की ते त्या पितळेवर सफेद रंगाचा पातळ हात द्यायचे आणि पेन्सिलीने वेल काढायचे. कोरायचे नाहीत. सकाळी वहिनींना भाजी चिरायला, मासळी करायला सुरी लागायचीच. कापून झालं की धुवायची, आणि धुताना वेल जायची. संध्याकाळी पुन्हा नवी. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. मी कधी चेष्टेत विचारलं की वहिनी, तुमची वेल कुठवर आली, तर त्या म्हणायच्या, यांना विचारा. आणि ते म्हणायचे, अजून बसली न्हाय.

भाऊंच्या या वेडापायी मी एकदा भर दुखवट्यात मार खाता खाता वाचलो. गावातले एक वाडीवाले म्हातारे वारले. तिसऱ्या दिवशी भाऊ मला म्हणाले, भेटून येऊ. मला बरं वाटलं, कारण ते सहसा कुठे जात नसत. ओसरीवर माणसं बसली होती, आम्हीही बसलो. अर्धा तास भाऊ मान खाली घालून होते. मग गेलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, वडलांचा अडकित्ता आहे का. भाऊंनीच तीस वर्षांपूर्वी केलेली वस्तू, आठवण म्हणून बघायची असेल, असं मुलाला वाटलं, मलाही वाटलं. त्याने आतून पानाचं तबक आणलं. भाऊंनी अडकित्ता उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले की हा आठ दिवस माझ्याकडे द्या, यात गुडघा आहे, ते होते तोवर मागायला संकोच वाटत होता.

मग एक चुलते उठले, आणि आम्ही चपला हातात घेऊनच पाखाडीला लागलो. वाटेत मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते ऐकत चालले होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "माणूस गेला, मास्तर. अडकित्ता न्हाय गेला. तो अजून पन्नास वर्षं चुकीचा ऱ्हायल."

महिन्याभराने तो मुलगा आपण होऊन अडकित्ता घेऊन पडवीत आला. भाऊंनी जुनी नक्षी खरवडून काढली आणि पुन्हा कोरून दिली. पण वहीत नवा ठसा चिकटवून लाल पेन्सिल उचललीच.

त्यानंतर काही वर्षांनी किहीमचे साहेब आले. किहीमला बंगला बांधलेले मुंबईचे कुणी मोठे गृहस्थ. त्यांना मिटणाऱ्या सुऱ्या जमवायचा शौक. कुणाकडे तरी त्यांनी भाऊंचा अडकित्ता पाहिला आणि तीन परदेशी सुऱ्या घेऊन गाडीने श्रीवर्धनला आले. त्यांना त्यावर वेल हवी होती. कशी हवी ते दाखवायला त्यांनी फोनवर तिकडच्या कारागिरांच्या कामांचे फोटो काढून दिले. मी तिथेच होतो. दोन बोटांनी फोटो मोठा होतो हे भाऊंना तोवर ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर त्यांना तो फोन सोडवेना. एक एक रेघ काचभर मोठी करून बघत राहिले. साहेब शेवटी म्हणाले की मी फोटो मास्तरांच्या फोनवर पाठवतो, माझा द्या.

हे झालं दसऱ्याच्या चार दिवस आधी, आणि ते सांगायलाच हवं. कारण त्या वर्षी वहिनींची वेल ठरली होती. भाऊंनी गणपतीपासून एकच आकृती रोज काढून रोज सुधारली होती. वहिनींनी दारातून बघून, आता यात गुडघा नाही, असं सांगितलं होतं. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की त्याच छिन्नीने कोरायला घ्यायची, असं भाऊ माझ्यादेखत बोलले होते. वहिनींनी भाजीला शेजारणीची विळी मागून आणली होती, म्हणजे सुरी धुवायला नको आणि आकृती पुसायला नको. त्या बाईने चाळीस वर्षांत स्वतःच्या वेलीसाठी केलेली धडपड ती तेवढीच.

फोटो पाहिल्यावर दोन दिवस भाऊंनी छिन्नी उचलली नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर ती ठशांची वही पुढ्यात उघडी आणि ते नुसते बसलेले. म्हणाले की त्यांच्या सगळ्या वेली एकाच जागी चुकल्या आहेत. ते आजवर कोपऱ्यातून वेल काढायचे आणि वाढवत न्यायचे. शेवटी जागा उरली तर पानं कोंबायची, कमी पडली तर वळण आवळायचं. तिकडचे लोक आधी सगळी जागा गोलांत वाटून घेतात. मोठा गोल, त्याला चिकटून मधला, त्याला चिकटून धाकटा. मग कणा त्या गोलांतून फिरवतात. म्हणून त्यांच्यात कुठे गर्दी नाही आणि कुठे ओसाड नाही. हे सांगताना त्यांनी वहिनींचा बटणांचा डबा आणला, पितळेच्या आकाराचा कागद कापला आणि त्यावर लहानमोठी बटणं एकमेकांना टेकवून मांडली. त्यांचे हात लहान पोरासारखे घाईत होते आणि चेहरा मात्र कुणी वारल्यासारखा.

"मी वेल वाढवत गेलो, मास्तर. त्यांनी आधी तिची जागा बगितली."

मग ते उठले, कोनाड्यातली सुरी घेतली आणि ओल्या फडक्याने त्यावरची आकृती पुसून टाकली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या "बरं" म्हणाल्या आणि शेजारणीची विळी परत द्यायला गेल्या. मला राहवेना. मी म्हटलं, भाऊ, कोरून टाकायची होती, त्यांना आवडली होती ना. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की जणू मी दुधात पाणी घालायला सांगत होतो. चूक आहे हे कळल्यावर कोरायची? साठीला आलेला माणूस आपलं सगळं आयुष्य चुकीचं ठरवून बटणं मांडत बसला, याचा मला आदर वाटायला हवा होता. वाटलाही. पण त्या दिवशी मला त्यांचा राग जास्त आला.

पुढची पाच-सहा वर्षं त्यांनी जे कोरलं तसं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. किहीमच्या साहेबांचे दोस्त सुऱ्या पाठवायचे, त्या नक्षी घेऊन कुठल्या कुठे जायच्या. वहीतले लाल गोल पानाला आठ-दहा होते ते दोनावर आले, मग एकावर. हात मात्र लवकर दमायला लागला होता. वहिनींच्या सुरीवर संध्याकाळी आकृती निघायची, सकाळी धुतली जायची.

याच काळात कधीतरी वहिनी दारातून बोलेनाशा झाल्या. मला वाटलं, वय झालं, कंटाळल्या असतील. मग एकदा त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला आणि हसण्यावारी नेला. काही दिवसांनी त्यांनी मला एकटं गाठून विचारलं की तुम्ही परीक्षेच्या कामाला अलिबागला कधी जाणार, डोळे दाखवायचे आहेत. यांना साहेबांचं काम आहे, यांना नका सांगू. भाऊंना आम्ही माझ्या मेहुणीला भेटायचं कारण सांगितलं.

अलिबागच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. साखरेने डोळ्यांचे पडदे गेले होते. दोन वर्षं आधी यायला हवं होतं म्हणाले. आता आहे तेवढंही हळूहळू जाईल, सहा महिने, फार तर वर्ष. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि पायऱ्या उतरताना माझा दंड धरला. एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, आज घरी गेल्यावर भाऊंना सांगू, म्हणजे वेल तरी लगेच कोरतील, तुम्हाला दिसेल. त्यावर त्यांनी मान हलवली.

"सांगू नका, मास्तर. घाईत कोरतील, आणि मग ती चूक त्यांना जन्मभर खुपंल. माजं काय, रोज सकाळी एक बगितलीच हाय की मी. चाळीसाच्या वर वर्षं झाली, रोज एक वेल धुवून टाकली."

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. शब्द देण्यात आम्हा शिक्षकांचा हात कुणी धरणार नाही, देऊन बसलो. पुढच्या वर्षभरात मी तो मोडायला निदान दहादा त्या पाखाडीने उतरलो असेन. पडवीत गेलो की भाऊंना म्हणायचो, आता होऊन जाऊ द्या, किती दिवस लावणार. ते म्हणायचे, बसत आलीय, मास्तर, थोडक्यात राहिलीय. आत वहिनी भिंतीला हात न लावता चुलीपासून मोरीपर्यंत बरोबर पावलं टाकत फिरायच्या. घरातली एक वाटी त्यांनी जागची हलू दिली नव्हती. केसाएवढी मोड ओळखणारा हा माणूस घराकडे पाठ करून भिंग लावून बसलेला, आणि मी दोघांच्या मध्ये तोंड शिवून. मी भित्रा ठरलो. दुसरा शब्द मला सापडत नाही.

माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता तेव्हा त्यांनी निरोप पाठवून मला बोलावलं. दुपारची वेळ होती. राळेवर वहिनींची सुरी बसवलेली, आणि पितळेवर कणा कोरून झालेला. नुसता कणा. मुठीकडून जाडसर निघालेली ती रेघ बारीक होत पहिल्या गोलात शिरली होती, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि कुठे थांबली ते डोळ्याला कळत नव्हतं. मी आरशात बघितली, उलटी करून बघितली. माझ्यासारख्याला सुद्धा कळलं की यात लाल गोल करायला जागा नाही. मी विचारलं, चालेल? ते म्हणाले, "चालंल." आपल्या कामाबद्दल हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

एरवी ते कणा कोरला की वस्तू आठ दिवस बाजूला ठेवायचे आणि मग पानं. त्या दिवशी त्यांना धीर धरवला नाही. राळ ऊन करून त्यांनी सुरी काढली, रॉकेलने पुसली आणि म्हणाले, आधी तिला दाखवतो, ती कणा बघणारी बाई आहे. मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी त्यांच्या मागून आत गेलो.

वहिनी जमिनीवर बसून बिरडं सोलत होत्या. मोड आलेले वाल बोटांनी दाबले की साल सुटते, त्याला डोळे लागत नाहीत. भाऊंनी सुरी पुढे केली आणि एवढंच म्हणाले, बघ. वहिनींनी हात पुसले. सुरी घेतली, दाराकडे वळून उजेडात धरली, इकडे तिकडे कलती केली, पूर्वी करायच्या तशीच. अंगठा त्या पितळेवरून फिरवला. फार वेळ फिरवला. त्यांचा चेहरा खुलला होता, ते खोटं नव्हतं.

"पानं किती नाजूक काढलीत हो," त्या म्हणाल्या.

भाऊंचं तोंड किंचित उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी खाली बघितलं. त्यांना कळायला तेवढं पुरलं. मग ते बायकोच्या डोळ्यांकडे बघत राहिले. भिंग लावलेला डोळा आणि दुसरा, दोन्हींनी.

"व्हय," ते म्हणाले. "पानांना लई वेळ गेला."

गुडघा नाही ना कुठे, असं वहिनींनी विचारलं. ते नाही म्हणाले. वहिनींनी सुरी आपल्या मांडीशी ठेवली, मास्तरांना चहा देते म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या.

मी चहा घेतला नाही. भाऊ फाटकापर्यंत आले आणि त्यांनी विचारलं, कधीपासून. मी अलिबागपासूनचं सगळं सांगितलं, स्टँडवरच्या शब्दासकट. ते फाटकाची कडी काढत आणि घालत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मला सांगायचं होतंत, मास्तर. गुडघ्याची कोरून दिली असती मी." पुण्याला मुलाकडे राहायला येऊन मला आता दोन वर्षं झाली, कुठे फाटकाची कडी वाजली की अजून ते वाक्य ऐकू येतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. ती आमची शेवटची भेट. भाऊ पडवीत राळेवर वाकलेले होते आणि राळेत वहिनींचीच सुरी होती. धार लावून देतो म्हणून ती त्यांनी आतून मागून आणली होती. कण्यावर ते पानं कोरत होते. इतकी बारीक पानं मी त्यांच्या हातून कधी पाहिली नव्हती. ते हळू आवाजात म्हणाले की तिने नाजूक म्हटलंय. इतक्यात त्यांचा हात कापला आणि छिन्नी घसरली. एका पानाची कड तुटून रेघ कण्यात घुसली. माझ्याआधी त्यांना ते दिसलं असणार. मी वाट बघत होतो की आता ते खरवडायचं घेतील, सगळं पुसून टाकतील. त्यांनी नुसती फुंकर मारून पितळेचा कीस उडवला.

आतून वहिनींनी विचारलं की आता काय ठोकताय, माझी तर झाली ना.

"साहेबांचं काम हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान धरलं.